आपोआप गेलेला त्रास विसरू नका

एका डोळ्याने धूसर दिसू लागते. डोळा फिरवला की आत दुखते, लाल रंग फिका वाटतो. नंबर वाढला असेल म्हणून माणूस चष्म्याच्या दुकानात जातो, पण नंबर तोच निघतो. काही आठवड्यांत दृष्टी बरीचशी परत येते आणि विषय तिथेच संपतो. वर्षभराने कमरेखाली मुंग्या येतात, पाय जड पडतात, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. मग पाठीचा एक्स-रे निघतो, ‘मणक्यात गॅप आहे’ असे कुणीतरी सांगते, कमरेला पट्टा बांधला जातो. हेही महिनाभरात ओसरते. डोळ्याचा डॉक्टर वेगळा, पाठीचा वेगळा. या दोन त्रासांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे एमएसची, सुरुवात पुष्कळदा अशी होते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि डोळ्यांच्या नसांवर उलटते. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण जागोजागी खरवडले जाते आणि त्या जागी व्रण राहतात. व्रण कुठे पडला यावर लक्षण ठरते: नजर, तोल, हातापायांतली ताकद, लघवीवरचा ताबा. सुरुवातीची वर्षे अटॅक येतो आणि जातो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण अटॅक गेला तरी नुकसान पूर्ण भरून येतेच असे नाही. गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनातून रुग्णाच्या उपयोगाची एक गोष्ट पक्की झाली आहे: गमावलेली ताकद परत आणणे अजून फारसे जमत नाही, पण पुढचे नुकसान रोखणे जमते, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. म्हणून पहिला अटॅक ओळखणे महत्त्वाचे.

रांजणगाव, शिरूर, शिक्रापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. हा आजार बहुतेकांना वीस ते चाळीस या वयात गाठतो, आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो. इथल्या एमआयडीसीत याच वयाची हजारो मुले-मुली काम करतात. त्यांतली कितीतरी बीड, लातूर, नांदेडकडून आलेली आहेत. पहिला त्रास गावी असताना झाला, तेव्हाचे कागद गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत पडले. दुसरा त्रास इथे झाला, तेव्हा नव्या डॉक्टरला जुने काही माहीत नाही. दोन्ही कागद एका टेबलावर आले तर निदानाची वर्षे वाचतात. तेव्हा पहिले काम साधे आहे. एका वहीत लिहा: कोणत्या महिन्यात, कोणत्या अवयवाला, काय झाले, किती दिवस टिकले, किती बरे झाले. चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलेली नजरेची, बधिरपणाची, अशक्तपणाची किंवा तोल जाण्याची प्रत्येक तक्रार या वहीत हवी, ती आपोआप बरी झाली असली तरीही.

‘हा तर परदेशातल्या लोकांचा आजार’ असे अजूनही ऐकू येते. थंड देशांत तो जास्त आहे हे खरे. पण आपल्या मुंबईत डॉ. नोशीर वाडिया आणि भरुचा यांच्या गटांनी 1980च्या दशकात पारशी समाजाची पाहणी केली, तेव्हा लाखामागे वीस ते सव्वीस रुग्ण सापडले. भारतासाठी तेव्हा गृहीत धरल्या जाणाऱ्या आकड्याच्या कितीतरी पट हे प्रमाण होते. पुढे एमआरआय यंत्रे आली आणि इतर समाजांतही रुग्ण दिसू लागले. मंगळूर शहरात डॉ. लेखा पंडित यांनी केलेल्या पाहणीत, 2014 साली, लाखामागे आठच्या आसपास प्रमाण निघाले. म्हणजे आजार दुर्मीळ आहे, पण शिरूरसारख्या तालुक्यात एकही रुग्ण नसेल असे समजायला आधार नाही.

या भागात एक लक्षण विशेष ध्यानात ठेवायला हवे, ते उन्हाशी आणि भट्टीशी जोडलेले आहे. मायलिन झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचे तापमान अर्धा-एक अंश वाढले तरी तो अडखळतो. वेल्डिंग, पेंट शॉप, ओव्हन अशा ठिकाणी शिफ्ट करणाऱ्याला दुपारी डोळ्यापुढे धुके येते, पाय लटपटतात, आणि पंख्याखाली बसून गार पाणी प्यायले की तासाभरात सगळे पूर्ववत होते. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये याची नोंद केली. हा नवा अटॅक नव्हे आणि याने नवा व्रणही पडत नाही, पण जुना व्रण असल्याची ती खूण असू शकते. ‘उन्हाने होते’ म्हणून ते सोडून देऊ नका, डॉक्टरला सांगा. निदान झालेल्यांनी एप्रिल-मे महिन्यांत कामाची जागा किंवा पाळी बदलून मागावी, मानेवर ओला रुमाल ठेवावा, अंगात ताप भिनू देऊ नये. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाल्यावरही जुनी लक्षणे उसळतात. तेव्हा आधी लघवी तपासावी, स्टिरॉइड नंतर. हा क्रम चुकला तर जंतुसंसर्ग बळावतो.

निदानाच्या वेळी आपल्याकडे तीन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली, बी-12 जीवनसत्त्व. ते फार कमी झाले तर मज्जारज्जूवर परिणाम होऊन पाय बधिर होतात, चालताना तोल जातो, आणि चित्र एमएससारखे दिसू शकते. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून गरोदर स्त्रियांचा जो मोठा अभ्यास केला, त्यात जवळजवळ दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी-12 कमी आढळले. माळकरी आणि शाकाहारी घरांत ही तपासणी स्वस्तात शंका मिटवते.

दुसरी, एनएमओ नावाचा जवळचा आजार. 2004 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये व्हँडा लेनन यांच्या गटाने त्याचे रक्तातले प्रतिद्रव्य शोधले. ॲक्वापोरिन-4 ही ती तपासणी. त्याचाच दुसरा भाऊबंद एमओजी. दोन्ही डोळे एकदम जाणे, मज्जारज्जूत तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब व्रण, दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा ओकारी असे काही असेल तर ही तपासणी हवीच. याचे महत्त्व फार मोठे आहे, कारण इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड यांसारखी एमएसची औषधे एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार भडकू शकतो. न्यूरॉलॉजिस्टने लिहून दिली नसेल तर ‘एनएमओ आणि एमओजीची तपासणी करायची का?’ असे बेलाशक विचारा.

तिसरी, क्षयरोग. मेंदूतला किंवा मणक्यातला टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही, आणि एमएसची बरीच औषधे प्रतिकारशक्ती कमी करत असल्याने शरीरात दडलेला टीबी जागा होऊ शकतो.

एमआरआय काढताना मेंदूबरोबर मानेच्या मणक्याचाही काढावा, आणि नुसता रिपोर्ट न घेता सीडी घ्यावी. दोन वर्षांनी तुलना करायची ती चित्रांची. पुढचा एमआरआय जमल्यास त्याच सेंटरला काढावा. निदानाचे जे मॅकडॉनल्ड निकष जगभर वापरतात, ते 2024 मध्ये पुन्हा सुधारले गेले आणि त्यांत डोळ्याची नस ही मेंदू-मज्जारज्जूतल्या चार जागांच्या जोडीला पाचवी जागा म्हणून धरली गेली. म्हणजे डोळ्याचा तो विसरलेला त्रास आता निदानात थेट मोजला जातो. कधी पाठीतले पाणी काढायला सांगतात. त्याने माणूस लुळा पडतो ही भीती घरोघरी आहे. सुई कमरेत मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. एखाददोन दिवस डोके दुखू शकते, पण लुळेपणाच्या भीतीने ही तपासणी टाळू नये.

आता उपचार. यात दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची गल्लत सर्वांत महागात पडते. अटॅक आल्यावर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सलाइनमधून रोज एक ग्रॅम असे तीन ते पाच दिवस देतात. त्याने बरे होण्याचा वेग वाढतो, पण पुढचा अटॅक थांबत नाही. सलाइन घेऊन बरे वाटले की कितीतरी लोक घरी जातात आणि पुढच्या अटॅकलाच परत येतात. डोळ्याच्या अटॅकला गावातच प्रेडनिसोलोनच्या साध्या मात्रेच्या गोळ्या घेणे तर टाळावेच. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांना डोळ्याचा अटॅक पुन्हा येण्याचे प्रमाण वाढलेले दिसले होते.

दुसरे काम आजाराला आवर घालण्याचे, आणि ते अटॅक नसतानाही चालू ठेवायचे. 1993 मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली तेव्हा असे पहिले औषध हाती आले. आज वीसच्या आसपास आहेत. पूर्वी सौम्य औषधाने सुरू करत आणि अटॅक आला की पायरी चढत. आता जाणत्या न्यूरॉलॉजिस्टांचा कल सुरुवातीलाच प्रभावी औषध देण्याकडे आहे. 2020 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात, पहिल्या दोन वर्षांत प्रभावी औषध मिळालेल्यांचे अपंगत्व, ते चार ते सहा वर्षांनी मिळालेल्यांपेक्षा पुढे कमी राहिले. वाट पाहण्यात सुरक्षितता आहे असे वाटते, पण त्या काळात मेंदूचे नुकसान चालूच राहते.

आपल्यासारख्या देशात या बदलाचा सर्वांत मोठा लाभ रिटुक्सिमॅबमुळे झाला आहे. हे औषध 1997 मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी आले. एमएसमध्ये हल्ला चढवण्यात ‘बी’ पेशींचा मोठा वाटा असतो, आणि हे औषध त्याच पेशी काढून टाकते. 2007 मध्ये डॉ. रेड्डीज या भारतीय कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली, त्यानंतर इतरांनीही. एमएससाठी त्याचा वापर अधिकृत लेबलाबाहेरचा आहे, तरी स्वीडनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर दिले जाते. तिथल्याच 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्या 98 जणांपैकी तिघांना अटॅक आला. डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या घेणाऱ्या 97 पैकी सोळांना. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएसची तीन औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घातली, त्यांत क्लॅड्रिबिन आणि ग्लाटिरामरबरोबर हेही आहे. याच धर्तीची ऑक्रेलिझुमॅब आणि ऑफाटुमुमॅब ही औषधे आहेत. ऑक्रेलिझुमॅब हे सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसवर मान्यता मिळालेले पहिले औषध, साल 2017. पण किंमत पाहता रांजणगावच्या कामगाराचा पहिला प्रश्न ‘रिटुक्सिमॅब चालेल का?’ असाच असावा, आणि तो विचारण्यात काही कमीपणा नाही.

ते घेण्याचा दिवस कसा जातो ते सांगतो, कारण न पाहिलेल्या गोष्टीची धास्ती जास्त असते. सकाळी लवकर पुणे गाठायचे, वाघोली-खराडीची वाहतूक धरून निघायचे, नाश्ता करून जायचे. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी आणि थोडे स्टिरॉइड देतात. मग हाताच्या शिरेत सलाइन लावतात आणि औषध सुरुवातीला अगदी हळू सोडतात. नर्स दर अर्ध्या तासाला बीपी आणि नाडी बघते. घसा खवखवला, अंगाला खाज आली, थंडी वाजली तर लगेच सांगायचे. ते थेंबांचा वेग कमी करतात किंवा थोडा वेळ थांबवतात. पहिल्या वेळी पाच-सहा तास धरून चला, पुढे वेळ कमी होतो. एरवी सहा महिन्यांतून एकदा यावे लागते. रोज गोळी किंवा दिवसाआड सुई टोचून घेण्यापेक्षा शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला हे सोपे जाते.

त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. दडलेली कावीळ या औषधाने उसळून जिवावर बेतू शकते. छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी, इम्युनोग्लोब्युलिनची पातळी हेही बघावे. न्यूमोनिया, फ्लू, हिपॅटायटिस बी यांच्या लसी सुरुवातीच्या काही आठवडे आधी घ्याव्यात, नंतर त्या नीट लागू पडत नाहीत. जिवंत विषाणूंच्या लसी उपचारादरम्यान घेऊ नयेत. ताप तीन दिवस राहिला तर घरी बसू नये.

गोळ्यांपैकी डायमिथाइल फ्युमरेट जेवणाबरोबर घेतली तर चेहरा तापणे आणि पोटाचा त्रास कमी होतो. रक्तातल्या लिम्फोसाइट मोजत राहाव्या लागतात. फिंगोलिमॉडचा पहिला डोस हृदयाचे ठोके बघत दवाखान्यातच घ्यायचा, आणि ते अचानक कधीही बंद करायचे नाही, आजार उसळून येतो. गोळ्या संपल्या, पगार झाला नाही, म्हणून महिनाभर खंड पडणे इथे फार धोक्याचे आहे. औषध परवडेनासे होईल असे दिसताच डॉक्टरला आधी सांगा, पर्याय असतो.

लग्न आणि मूल हा प्रश्न मुलींच्या आया हळू आवाजात विचारतात. त्याचे उत्तर मोकळेपणी द्यायला हवे. एमएस असताना मूल होऊ शकते. 1998 मध्ये युरोपातल्या अभ्यासात दिसले की गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. म्हणून बेत आधी ठरवावा. टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड, क्लॅड्रिबिन गरोदरपणात चालत नाहीत. टेरिफ्लुनोमाइड तर बंद केल्यावरही दीर्घकाळ रक्तात राहते आणि ते दुसरे औषध देऊन बाहेर काढावे लागते. आईला एमएस असला तर मुलाला होण्याचा संभव शेकड्यात दोन-तीन इतकाच. सासरी आजार लपवला की सहा महिन्यांचे इंजेक्शनही लपवावे लागते, आणि शेवटी तेच चुकते. आधी सांगून केलेले लग्न मुलीच्या प्रकृतीसाठीही चांगले.

संशोधन कुठवर आले आहे? जानेवारी 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हार्वर्डच्या गटाने अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून दाखवले की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पटींनी वाढतो. हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो, त्यामुळे तो एकटा कारण नाही. त्याची रक्ततपासणी करून रुग्णाला काही लाभ नाही. कुणी सुचवली तर पैसे वाचवा. धूम्रपान मात्र आपल्या हातात आहे. त्याने आजार होण्याचा आणि वाढण्याचा असा दोन्ही धोका वाढतो.

अटॅकशिवाय हळूहळू वाढत जाणारा आजार हा अजून अवघड भाग आहे. टोलेब्रुटिनिब या गोळीने 2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीत अशा रुग्णांचे अपंगत्व वाढण्याचा धोका 31 टक्क्यांनी कमी केला, पण यकृतावरच्या दुष्परिणामांची चिंता तिच्याबरोबर आली. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन उपयोगी पडेल अशी मोठी आशा होती. ब्रिटनमधल्या नऊशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत 2024 मध्ये ती फोल ठरली. मायलिन पुन्हा तयार करण्याच्या दिशेने क्लेमास्टिन या ॲलर्जीच्या जुन्या गोळीने 2017 मध्ये डोळ्याच्या नसेतला संदेशाचा वेग किंचित वाढवला. रुग्णाला स्वतःला जाणवेल इतका तो फरक नव्हता. म्हणून ही गोळी दुकानातून आणून घेऊ नये.

‘स्टेम सेल’ या नावाखाली मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. एक खरा उपचार आहे: रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून ठेवतात, केमोथेरपीने प्रतिकारशक्ती पुसून टाकतात आणि त्या पेशी परत देतात. 2019 मध्ये 110 रुग्णांच्या चाचणीत त्याने आजाराची वाढ औषधांपेक्षा चांगली रोखली. तो बोन मॅरो युनिट असलेल्या मोठ्या रुग्णालयातच होतो, आणि औषधांना दाद न देणाऱ्या, अजून चालत्याफिरत्या तरुण रुग्णासाठीच. दुसरी गोष्ट म्हणजे पाठीत ‘स्टेम सेलचे इंजेक्शन’ देऊन काही लाख घेणारे दवाखाने. आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा उपचार देता येत नाही. 2009 मध्ये इटलीतल्या झांबोनी यांनी मानेच्या शिरा अरुंद झाल्याने एमएस होतो असे मांडले, तेव्हा जगभरचे रुग्ण शिरा रुंद करून घ्यायला धावले, काही तर परदेशातून भारतात आले. 2017 पर्यंतच्या चाचण्यांत त्याचा काही उपयोग नसल्याचे सिद्ध झाले. जमीन विकून अशा उपचाराला जाण्याआधी एका दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचे मत घ्या.

रोजच्या जगण्यात सर्वांत छळतो तो थकवा, आणि घरच्यांना तो आळस वाटतो. 2021 मधल्या चाचणीत थकव्यावर दिल्या जाणाऱ्या अमांटाडिन, मोडाफिनिल यांसारख्या गोळ्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. झेपेल तेवढा नियमित व्यायाम, कामाचे तुकडे पाडणे आणि रात्रीची झोप याचाच जास्त उपयोग होतो. लघवीची घाई हा स्त्रियांचा दबलेला त्रास आहे. त्या शिफ्टमध्ये पाणीच पीत नाहीत आणि जंतुसंसर्ग ओढवून घेतात. त्यावर औषधे आहेत, डॉक्टरला सांगायला लाजू नका.

पैशाची आणि कागदांची बाजू. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर आधी तिथे नोंद करा. आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो. दीर्घ आजारांसाठी वाढीव भत्ता आहे. त्याच्या यादीत पॅराप्लेजिया, हेमिप्लेजिया अशी नावे आहेत. म्हणून प्रमाणपत्रावर नुसते ‘एमएस’ न लिहिता कोणत्या अवयवात किती अशक्तपणा आहे हे लिहून घ्या. महात्मा फुले योजनेत कोणता उपचार बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. राखीव जागा आणि बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्व लागते. तपासणीला आजार शांत असतानाच्या कागदांबरोबर अटॅकच्या वेळचे डिस्चार्ज कार्डही न्या, कारण तपासणीच्या दिवशी तुम्ही नीट चालत असाल. गंभीर आजारांची विमा पॉलिसी असेल तर तीही काढून वाचा. त्यात एमएस असतो, पण लक्षणे सलग सहा महिने टिकल्याची नोंद मागतात, आणि इथे ती तारखांची वही पुन्हा उपयोगी पडते.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिची पुण्यातही शाखा आहे. औषध कुठे कमी दरात मिळते, कोणता फिजिओथेरपिस्ट हा आजार जाणतो, व्हीलचेअर कुठून घ्यावी, हे तिथले जुने रुग्ण सांगतात. निदान झाल्याच्या पहिल्या महिन्यात, पुढच्या तपासणीसाठी पुण्याला जाल त्याच फेरीत, त्यांना भेटून या.